शाळेच्या फलकावरील दोन शब्द

शाळेच्या फलकावरील 'जिल्हा परिषद' हे शब्द मुले रोज पाहतात. १९६२ हे सालही त्यांना पाठ असते. परंतु "त्यापूर्वी आपल्या भागातील शाळा कोण चालवीत असे?" असे वर्गपाहणीच्या वेळी विचारले, की मुलांबरोबर कधीकधी गुरुजीही थबकतात.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शेजारच्या मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे स्थापन झाली होती व लोकनियुक्त सभासद त्यांत बसू लागले होते. आपल्याकडे जिल्ह्यात अव्वल तालुकदार आणि गावात पटेल-पटवारी. रयतेने अर्ज करावा व हुकुमाची वाट पाहावी, एवढाच तिचा कारभाराशी संबंध. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा शाळा मंडळे व विदर्भात जनपद सभा होत्या. मराठवाड्यातील प्राथमिक शिक्षण मात्र थेट सरकारच्याच हाती होते.

पुढे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात येऊन प्राथमिक शाळा परिषदेकडे आल्या. इतरत्र जी वाटचाल पाऊणशे वर्षांची, ती आपल्याकडे अवघ्या चौदा वर्षांत झाली. कचेरीबाहेर अर्ज घेऊन उभा राहणारा शेतकरी आपल्याच हयातीत परिषदेचा मतदार, प्रसंगी सभासदही, झाला. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट यावी तशी येत नाही, असे माझे मत आहे.

ती सांगणारी माणसे गावात अद्याप आहेत, पण थोडी. त्या काळी मतदानाचे वय एकवीस होते; म्हणजे १९६२ साली मत दिलेली व्यक्ती आज चौऱ्याऐंशीच्या पुढे असणार. तेव्हा हे काम पुढील सत्रावर टाकू नये. सातवीच्या मुलांना अशा आजोबा-आजींकडे न्यावे. पहिले मत कोठे दिले, तेव्हा पंचायतीत एखादी स्त्री होती काय, हे विचारू द्यावे. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, हे मुलांना ठाऊक असल्याने उत्तर ऐकून ती स्वतःच पुढचे प्रश्न विचारतील.

एक सूचना. वृद्ध मंडळी बोलता बोलता परतूर व हिंगोलीही 'आपल्या जिल्ह्यात' म्हणतील. त्यांना अडवू नये. परतूर १९८१ साली जालन्यात गेले आणि हिंगोली जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. ते वर्गात परतल्यावर नकाशावर दाखवावे.