नाकाची मापं आणि पडद्यावरचे चेहरे

'फुले' हा चित्रपट ११ एप्रिल २०२५ ला, जोतीरावांच्या जयंतीला यायचा होता. ब्राह्मण संघटनांनी हरकती घेतल्या, सेन्सॉर बोर्डाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला लावले, आणि चित्रपट २५ एप्रिलवर गेला. ज्या माणसाने महार-मांगांच्या पोरांसाठी शाळा काढल्या, त्याच्या चित्रपटात त्या पोरांची जात सांगायची नाही! १ ऑगस्टला 'धडक २' आला. नायक दलित आहे हे समजावं म्हणून गोऱ्या नटाचा चेहरा काळवंडून ठेवलेला. चार महिन्यांच्या आत एकीकडे नाव पुसलं आणि दुसरीकडे रंग फासला. नागपूरच्या सक्करदऱ्यात बसून हे बघताना संताप आला, कारण त्याआधीच्या दहा-एक वर्षांत आम्ही पडद्यावर वेगळं काही बघितलं होतं.

त्या दहा वर्षांपूर्वीच्या काळाबद्दल लांबण लावण्यात अर्थ नाही. पाटील, वाडा, विनोदी जोड्या, घरगडी. जब्बार पटेलांचा 'जैत रे जैत' १९७७ चा, मोठाच चित्रपट. पण त्यातले ठाकर आदिवासीही आमच्यापर्यंत आले ते मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्या रूपाने. खरा ठाकर पडद्यावर चालू शकतो, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

मग फेब्रुवारी २०१४ मध्ये 'फँड्री' आला. नागराज मंजुळे करमाळ्याकडच्या जेऊरचे. त्यांनी नायक जब्याच्या कामासाठी सोमनाथ अवघडे हा त्याच भागातला मुलगा घेतला. दगड भिरकावण्याच्या शेवटाबद्दल सगळे बोलतात. माझ्या मनातून जात नाही तो आरशापुढचा जब्या. नाक सरळ व्हावं म्हणून पोरगा नाकाला चिमटा लावतो. प्रेक्षागृहात काही जण हसले. माझ्या बाजूला बसलेल्या माणसाचा हात मात्र आपसूक स्वतःच्या नाकाकडे गेला होता.

त्या चिमट्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने माणसांची नाकं मोजली आणि नाक जितकं रुंद, तितकी जात खालची, असा सिद्धांत मांडला. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात नाकांच्या मापांची प्रांतवार छाननी केली. तीच मापं हाती घेऊन बाबासाहेबांनी १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स'मध्ये दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत, अस्पृश्यतेला वंशाचा आधार नाही. त्याच्याही आधी इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. गुरूला हवा तो वंशश्रेष्ठत्वाचा निष्कर्ष मापांतून निघेना, तर त्यांनी तो काढला नाही. चेहऱ्यावरून जात ओळखायची ही पुराव्यानिशी मोडीत निघालेली कल्पना आपल्या सिनेमाच्या रंगभूषेत मात्र अजून जिवंत आहे.

'फँड्री'नंतर पुढच्याच वर्षी 'कोर्ट' आला. त्यातला शाहीर नारायण कांबळे म्हणजे आमच्या नागपूरचे वीरा साथीदार. 'विद्रोही' हे नियतकालिक चालवणारा, मोर्चांत गाणारा हा माणूस पडद्यावरही तसाच उभा राहिला, आणि त्या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं. एप्रिल २०२१ मध्ये, आंबेडकर जयंतीच्या तोंडावर, कोरोनाने त्यांना नेलं. ते असते तर 'फुले'च्या कात्रीवर त्यांनी चौकात उभं राहून काय सुनावलं असतं, याची मला पुरती कल्पना आहे. त्यांची जागा भरलेली नाही.

'सैराट' २०१६ चा. त्याबद्दल इतकं बोलून झालंय की एवढंच नोंदवतो: हिंदीवाल्यांनी २०१८ मध्ये त्याचा 'धडक' केला, उदयपूरला नेला आणि जातच गाळून टाकली.

आणि मार्च २०२२ मध्ये 'झुंड'. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोट्ट्यांच्या हाती फुटबॉल दिला, त्यावर बेतलेला. अंकुश गेडाम आणि बाकीचे बहुतेक पोट्टे इथलेच. ती नागपुरी हिंदी, ती चाल, उगाच मान तिरपी करून बघणं, हे सगळं मी बुधवार बाजारात रोज बघतो. अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडून उभे राहिले तेव्हा थिएटरात जो आवाज उठला, तो मी तरी पूर्वी ऐकला नव्हता. 'सिनेमा लांबलाय' म्हणणारे समीक्षक तेव्हाही होते. त्यांना ती पोरं तीन तास बघवली नाहीत, असंच माझं मत आहे.

याच दशकात, २०१९ पासून चार वर्षं, घराघरांत 'रंग माझा वेगळा' ही मालिका चालली. काळ्या रंगामुळे हिणवल्या जाणाऱ्या दीपाची ही गोष्ट, आणि तिच्यासाठी गोरी अभिनेत्री काळी रंगवली. सावळ्या मुलींचं दुःख सांगायला सावळी मुलगी महाराष्ट्रात मिळाली नाही, यावर माझा विश्वास नाही.

सरकारचीही तऱ्हा बघा: २००१ मध्ये डर्बनला वंशवादाविरुद्ध जागतिक परिषद भरली, तेव्हा आपल्या सरकारने जात म्हणजे वंश नव्हे असं सांगून विषयच बाहेर ठेवला. बाबासाहेबांनी हेच म्हटलं होतं ते अस्पृश्यतेचा खोटा आधार काढून घेण्यासाठी. सरकारने ते आपली सुटका करून घेण्यासाठी वापरलं. आणि त्याच देशातला निर्माता दलित दाखवायचा म्हटलं की काळा रंग मागवतो!

आमच्या ओळीत एक जोडपं राहतं. नवरा ब्राह्मण, चांगलाच काळा; बायको बौद्ध, उजळ, घाऱ्या डोळ्यांची. त्यांची मुलगी बापाच्या रंगावर गेली आहे. पाहुणे दरवेळी उलटाच अंदाज बांधतात, आणि ती पोरगी आता कुणाला दुरुस्तही करत नाही. अशा मुलांची जात आपोआप बापाची धरता येणार नाही, कुणाच्यात आणि कशा वागणुकीत ती वाढली हे बघावं लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच म्हटलं आहे. न्यायालयाला जगणं बघावंसं वाटलं. सिनेमावाल्यांना चेहऱ्याचा रंग पुरतो.

ही मुलगी कॉलेजच्या नाटकांत काम करते. गेल्या वर्षी एका जाहिरातीच्या निवडीला गेली, तर मोलकरणीचं काम देऊ केलं. तिने नाही म्हटलं. पुढच्या महिन्यात ती पुन्हा एका निवडीला जाणार आहे, आणि या वेळी काय वाचून दाखवायचं ते तिने स्वतःच लिहिलं आहे.