भग्नसंधान आणि अस्थिक्षयाची गोळी

भडगाव परिसरातील खुबा वा मनगट मोडलेल्या अनेक वृद्धांची अ‍ॅलेंड्रोनेटची साप्ताहिक गोळी चालू असते. ‘तिने हाड जुळत नाही’ म्हणून ती बंद करविणे आम्हांस मान्य नाही. अस्थिशोषण रोखल्याने जुळलेल्या हाडाची पुनर्घडण मंदावते. संधान सहसा अडत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खुब्याच्या भग्नानंतर ९० दिवसांत याच वर्गातील झोलेड्रोनिक आम्ल दिल्याने नवे भग्न ३५ टक्क्यांनी घटले. उतारवयात संधानास तिप्पट काळ सुश्रुतांनीच सांगितला आहे. तो दोष गोळीचा नव्हे.

शंखभस्म, प्रवाळपिष्टी वा दूध सोबत दिल्यास मात्र गोळी शोषलीच जात नाही. ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, भस्मे दुपारी. औषधविक्रेत्यांनी पुडीवर वेळ लिहावी. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्या स्त्रीची मांडी दुखू लागल्यास अभ्यंगापूर्वी क्ष-किरण चित्र काढावे. क्वचित ते हाड न पडताही मोडते.