जंतू मोजून पोट भरतं का?

२०२०च्या जून महिन्यात लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. कुणी कोप म्हणालं, कुणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले, तेव्हा उलगडा झाला. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि खारात फोफावणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांनी आपला रंग पाण्याला दिला होता.

असे उलगडे करणारी विद्या म्हणजे पर्यावरणीय सूक्ष्मजीवशास्त्र. माझ्या भाचीनं ती निवडली, तेव्हा तिच्या अब्बांनी मला विचारलं, "भाईजान, जंतू मोजून पोट भरतं का?" मी पडलो बी.ए.वाला, त्यात कवी! पोट भरण्याबद्दल काय सांगणार?

उत्तर तिनंच दिलं. आधी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी., मग एम.एस्सी. शहराचं मैलापाणी शुद्ध करतात ते जंतूच. टाकीत हवा सोडली की ते घाण खाऊन वाढतात. पण कारखान्याचं विषारी पाणी अचानक आत शिरलं तर तेच मरतात आणि घाण तशीच नदीत जाते. ही चाहूल आधी लागावी म्हणून सूक्ष्मदर्शकापाशी जाणता माणूस लागतो. अशी माणसं शुद्धीकरण केंद्रांना, औषध कारखान्यांना, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांना हवी असतात. संशोधनाची ओढ असेल तर पीएच.डी. करावी, नागपूरची 'नीरी' १९५८पासून हेच काम करते आहे. सुरुवातीचा पगार बेताचा, हेही तिनं लपवलं नाही.

अब्बा अजून धुसफुसतात. मात्र परवा नळाला गढूळ पाणी आलं, तेव्हा बाटली भरून त्यांनी तिच्यासाठीच बाजूला ठेवली.