बुजुर्गांची न्हाणी : आपल्या कारागिरांच्या हातचे काम

ओली फरशी, त्यावर साबणाचे पाणी, धरायला काही नाही आणि उठायचे ते जमिनीलगतच्या पाटावरून! म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडायला एवढे पुरे होते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातून किंवा सावंगीच्या विनोबा भावे रुग्णालयातून लकव्याचा रोगी घरी येतो, तेव्हा पहिली अडचण आंघोळीचीच पडते. घरची माणसे मग प्लास्टिकची खुर्ची ठेवतात. ओल्या टाइल्सवर तिचे पाय फाकतात आणि रोगी पडतो.

आम्हाला वाटते, वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील आपले वेल्डर, प्लंबर, सुतार व टाइल्स बसविणारे बांधव हे काम चांगले करू शकतील. मशिदीतला वुजूखाना आठवा. बसायला ओटा, समोर हाताच्या टप्प्यात नळ, पायाखाली उतार व नाली. न्हाणीत हेच साधायचे आहे. मात्र येथे माप माणसाचे घ्यायचे असते.

प्रथम खुर्ची. माणसाला बसवून जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत उंची मोजावी. पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. गुडघे दुखत असतील तर बैठक इंचभर उंच ठेवावी म्हणजे उठणे सोपे जाते. बैठकीला पाणी निथळायला भोके, दोन्ही बाजूंना हात, पाय किंचित बाहेर कललेले व टोकांना रबरी बूट हवेत. जीआय पाइप वेल्ड केला की जोडावरचा जस्ताचा थर जळतो आणि तेथूनच गंज धरतो. म्हणून जोड घासून झिंक प्रायमर द्यावा. जस्ताचा धूर छातीला वाईट, म्हणून हे वेल्डिंग उघड्यावर करावे. स्टेनलेसमध्ये ३०४ नंबरचा पाइप २०२ पेक्षा महाग पडतो, पण गंजाला अधिक टिकतो.

आपल्याकडे आंघोळ बादली-लोट्याने होते. खुर्चीवर बसलेला माणूस जमिनीवरच्या बादलीत वाकला की तोल जातो. म्हणून खुर्चीबरोबर बादलीचा भक्कम स्टँडही द्यावा.

दुसरी वस्तू भिंतीचा दांडा. जाडी सव्वा ते दीड इंच, भिंतीपासून अंतर दीड इंच. लकवा झालेल्याचा दांडा चांगल्या हाताच्या बाजूला बसवावा. खरी जोखीम बसविण्यात आहे. प्लास्टिक गिट्टी व लाकडी स्क्रूवर टॉवेलचा दांडा टिकतो, पडणाऱ्या माणसाचे वजन टिकत नाही. पक्क्या विटांच्या जाड भिंतीत अँकर बोल्ट घ्यावा. साडेचार इंची भिंत असेल तर बोल्ट आरपार काढून पलीकडे लोखंडी पट्टी द्यावी. मातीच्या भिंतीला दांडा लावूच नये. तेथे जमिनीत काँक्रीटमध्ये खांब उभा करावा. काम झाल्यावर दोघांनी मिळून पूर्ण जोराने ओढून पाहावे. हलला तर पैसे घेऊ नयेत. दांडा नसता तर माणूस जपून वागला असता. कच्च्या दांड्यावर तो भरवसा ठेवून पडतो.

तिसरी गोष्ट गरम पाण्याची. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केले, त्यामुळे या रोगात हातापायांची संवेदना जाते हे आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. जुन्या मधुमेहातही पाय बधिर होतात. अशा माणसाला पाणी पोळल्याचे कळत नाही. बादलीत आधी थंड व मग गरम पाणी घालावे आणि घरच्या निरोगी माणसाने कोपर बुडवून पाहावे. गिऱ्हाइकाला हे सांगणे हाही कामाचाच भाग होय.

राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत ६५ वर्षांवरील, दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या वृद्धांना साहित्यासाठी ३,००० रुपयांपर्यंत मदत ठरली. साहित्याच्या यादीत कमोड खुर्ची आहे. तिचे भांडे काढले व बैठक झाकली की तीच आंघोळीला चालते. अर्ज सध्या घेतात का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून मगच गिऱ्हाइकाला सांगावे आणि बिल पक्के द्यावे.

सुरुवातीला दुकानात माल भरू नये. एक खुर्ची, एक स्टँड, एक दांडा नमुन्याला ठेवावा आणि मोजपट्टी घेऊन घरी जावे. एका घरचा बुजुर्ग स्वतःच्या हाताने आंघोळ करू लागला की शेजारचे घर आपणहून बोलावील.