फुलचूरचा उन्हाळा आणि तांब्याचा तळ

गोंदिया शहराला खेटून वसलेल्या फुलचूर येथे वैशाखातल्या दुपारी पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा ग्रामपंचायतीच्या कचेरीतला, सेवा केंद्रातला किंवा एखाद्या राईस मिलच्या वजनकाट्याजवळचा संगणक आपल्या उष्णतेचा निचरा कसा करीत असेल, हा प्रश्न सातबाराच्या उताऱ्यासाठी ताटकळत उभ्या असलेल्या माणसाच्या मनात सहसा उद्भवत नाही. पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले म्हणजे कारकून इंटरनेटला बोल लावतो, आणि बहुधा इंटरनेट खरोखरच अपराधी असते. तथापि काही वेळा दोष त्या पेटीतच, धातूच्या दोन तुकड्यांच्या मधल्या केसाहून बारीक पोकळीत दडलेला असतो.

प्रोसेसर जी वीज घेतो ती जवळजवळ सारीच उष्णतेच्या रूपाने परत करतो. कचेरीतल्या साध्या संगणकात ही वीज ६५ वॅटच्या घरात असते, आणि तिची उष्णता नखाएवढ्या सिलिकनच्या तुकड्यातून निघून निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या झाकणात, तेथून हीटसिंकच्या तळात, मग त्याच्या पात्यांत आणि अखेरीस पंख्याने ढकललेल्या हवेत जाते. पंखा कितीही वेगाने फिरविला तरी हीटसिंक खोलीतल्या हवेहून थंड होत नाही. म्हणून जो संगणक पुण्यातल्या २५ अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर सुखाने नांदतो, तोच पत्र्याच्या छपराखाली ४२ अंशांत नव्वदी ओलांडतो, आणि शंभरीच्या जवळ पोहोचताच आत्मरक्षणार्थ आपली गती आपणच कमी करतो. उन्हावर कोणाचाच हुकूम चालत नसल्यामुळे काही अंशांची जी तजवीज करावयाची ती उष्णतेच्या या वाटेवरच करावी लागते, आणि त्या वाटेवरचा सर्वांत उपेक्षित टप्पा म्हणजे झाकण आणि हीटसिंक यांचा सांधा होय.

हे दोन पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे रूप टाकी लावलेल्या पाट्यासारखे असते. असे दोन पाटे एकमेकांवर पालथे घातले असता केवळ काही उंचवटेच भिडावेत, तद्वत् धातूचा धातूशी खरा स्पर्श दर्शनी क्षेत्रफळाच्या अल्पशा भागातच घडतो. उरलेल्या जागेत हवा असते, आणि हवेची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे पंधरा हजारांश आहे. ३ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या झाकणावर २५ मायक्रॉन जाडीचा हवेचा अखंड थर कल्पिला, तर ६५ वॅट उष्णता पार होण्यास जवळजवळ ७० अंशांचा फरक लागेल. त्याच जागी मध्यम प्रतीची थर्मल पेस्ट भरली की तो अर्ध्या अंशाच्याही खाली येतो. प्रत्यक्षात काही उंचवटे भिडलेले असल्याने हवेचा अपराध इतका भयंकर ठरत नाही, पण हिशेबाची दिशा हीच.

पेस्ट हवेपेक्षा कितीतरी सरस असली तरी तांब्याच्या मानाने ती शंभरांश वाहक. म्हणून लोण्यासारखी ती थापणारा दुरुस्तीवाला ग्राहकाचे हितच बिघडवितो. तिचे काम खळगे भरण्याचे, गादी घालण्याचे नव्हे. मात्र तळच वाकलेला असेल तर पेस्टचा थर जाड होण्यावाचून गत्यंतर नसते, आणि येथे तळ घासण्याचा उद्योग सुरू होतो.

त्याची साधने गरीब आहेत: जाड सपाट काच, तिच्यावर पाण्याने बसविलेला पॉलिश पेपर, आधी ४०० नंबरचा, मग क्रमाने बारीक. तळावर मार्करने रेघा ओढून हलक्या हाताने, दिशा बदलीत घासले की ज्या ठिकाणच्या रेघा शाबूत राहतात तेथे खोलगा आहे हे उघड होते. काच किंवा कोणताही पट्ट खरोखर सपाट आहे हे कशावरून मानावे, या शंकेमागे मोठा इतिहास आहे. दोनच पट्ट एकमेकांवर घासले तर एक फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट होऊनही ते बेमालूम जुळतात. तीन पट्ट आळीपाळीने जुळविले तरच तिन्ही सपाट ठरतात, आणि ही पद्धत जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४० साली विद्वानांपुढे मांडली. चकाकी ही सपाटी नव्हे, हा त्यातला बोध आमच्या हौशी मंडळींना अजून मानवत नाही. बफिंगच्या चाकावर तळाचा आरसा करून ते त्याच्या कडा गोल करून ठेवतात.

शिवाय काही उत्पादक तळ मुद्दामच किंचित फुगीर ठेवतात, जेणेकरून सिलिकनच्या नेमक्या वरच्या भागावर दाब अधिक यावा. तो घासून सपाट करणे म्हणजे त्यांची योजना मोडणे. २०२१ साली आलेल्या इंटेलच्या बाराव्या पिढीत तर प्रोसेसर धरून ठेवणाऱ्या पकडीच्या दाबानेच झाकण वाकते असे आढळले, आणि घासण्याऐवजी निराळी चौकट बसविणे हा सोपा उपाय ठरला. झाकण घासल्यास निकेल जाते आणि त्याबरोबर वॉरंटीही जाते.

मोठ्या यंत्रांनाही हा सांधा चुकलेला नाही. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्याच परंपरेतला ‘परम ब्रह्म’ पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ पासून आहे. तेथे पाणी खेळविलेल्या पट्ट्या प्रोसेसरवर टेकवून उष्णता वाहून नेतात. पाणी आले, पंख्यांचा भार हलका झाला, तरी पट्टी आणि झाकण यांच्यामधला स्पर्श पूर्वीसारखाच राखावा लागतो.

फुलचूरसारख्या गिरण्यांच्या मुलखात मात्र माझ्या मते घासकाम सर्वांत शेवटी यावे. कोंड्याची बारीक धूळ पात्यांत साचून हवेची वाटच बुजविते. ती फाल्गुनातच ब्लोअरने उडवावी, कडक झालेली जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळावेत. एवढे करूनही पारा उतरला नाही, तर तळावर दाढीच्या पात्याची धार टेकवून उजेडाकडे धरावे. फटीतून प्रकाश दिसला तरच काच आणि पॉलिश पेपर आणावेत.