अडीच एमएमच्या पुढे काय?

स्पीकरच्या वायरने आवाज बदलतो का, या प्रश्नाला ठोकून ‘नाही’ म्हणणारे अर्धेच बरोबर आहेत. आवाज बदलू शकतो, पण जाहिराती सांगतात त्या कारणांनी नव्हे. ॲम्प्लिफायरमधून निघालेला प्रवाह तांब्याच्या एका तारेने स्पीकरपर्यंत जातो आणि दुसरीने परत येतो. वाटेत तार त्याला थोडा रोध करते. स्पीकरच्या रोधापुढे हा रोध नगण्य असेल, तर वायर असून नसल्यासारखी. तो वाढला की घोळ सुरू होतो, कारण पाठीवर ‘८ ओहम’ छापलेला स्पीकर सगळ्याच सुरांना ८ ओहमचा नसतो. काही सुरांना तो ५ ओहमवर उतरतो, काहींना ३०च्या घरात चढतो. बारीक वायर जोडली की जिथे स्पीकरचा रोध कमी, तिथला आवाज जास्त दबतो. म्हणजे गाणं नुसतं हळू वाजत नाही, त्याचा तोलच किंचित ढळतो.

किती ढळतो, हे कागद-पेन्सिलीने काढता येतं. स्वस्त म्युझिक सिस्टिमसोबत मिळते तसली लाल-काळी वायर घेऊ. तिच्यातलं तांबं समजा ०.२ चौरस मिलिमीटर. स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तार झाली आणि रोध साधारण ०.९ ओहम. स्पीकर ५ ओहमवर असतो तिथे सुमारे १.४ डेसिबल गळतात, ३० ओहमवर जेमतेम पाव. एक डेसिबलहून मोठी ही तफावत लक्ष देऊन ऐकणाऱ्या कानाला कळू शकते. तिथेच इलेक्ट्रिशियन पॉवर प्लगसाठी ओढतो ती ‘अडीच एमएम’ची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर घातली, की रोध ०.०८ ओहमवर येतो आणि तफावत डेसिबलच्या आठव्या हिश्श्यावर. यापुढे वायरवर हजारो रुपये ओतून मिळवायचं म्हटलं तरी हा आठवा हिस्साच काय तो शिल्लक उरतो.

चांदीचं नाव इथे हटकून निघतं. चांदी तांब्याहून सरस वाहक आहे खरी, पण फक्त सहा-सात टक्क्यांनी. तेवढा फायदा तांब्याची तार केसभर जाड घेतली तरी मिळतो. उच्च कंपनांचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो, हेही खोटं नाही. मात्र रेडिओच्या कंपनांना जे महत्त्वाचं ठरतं, ते कानाच्या मर्यादेत, घरातल्या चार-पाच मीटर वायरीत, दखल घेण्याजोगं नसतं.

‘आकडे काहीही सांगोत, आम्हाला ऐकू येतं त्याचं काय?’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ऑगस्ट १९८३मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने नेमकं हेच तपासलं. कोणती वायर जोडली आहे हे न सांगता श्रोत्यांना तीन वायरी ऐकवल्या: महागडी मॉन्स्टर केबल, टेबल लॅम्पला असते तसली १६ गेजची साधी वायर आणि २४ गेजची बारीक. संगीत ऐकताना पहिल्या दोघींत फरक करता आला नाही. बारीक वायरचा उणेपणा मात्र पकडला गेला. २४ गेज म्हणजे वरच्या हिशेबातली ०.२ चौरस मिलिमीटरचीच वायर. चाचणीच्या दडपणाखाली कान बधिर होतात असं म्हणावं, तर तेच कान बारीक वायरला कसे फसले नाहीत? घरी वायर बदलताना दहा मिनिटं जातात, आवाजाचं बटण थोडं हलतं, बसायची जागा सरकते, गंजलेले जोड घासून स्वच्छ होतात. शिवाय किंमत ठाऊक असते. फरक ऐकणारा खोटं बोलत नाही, पण त्याचं श्रेय वायरला देण्यात घाई होते. आणि मुळात ते गाणं स्टुडिओतल्या साध्यासुध्या मायक्रोफोन केबलींमधूनच आलेलं असतं!

अपवाद आहेत. रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला केबलच्या धारितेने वरच्या सुरांत खरा फरक पडतो. तिथे सिग्नल इतका क्षीण असतो, की शील्ड धड नसेल तर ५० हर्ट्झची घरघर शिरते. पण तोही इलाज योग्य केबल निवडण्याचा आहे, महागड्या केबलचा नाही.

दुकानात किमतीपेक्षा तार पाहा. तोडलेलं टोक आतून पांढरं आणि वरून तांबूस दिसलं, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. तेवढ्याच जाडीत त्याचा रोध तांब्याच्या दीडपट असतो. घरी आल्यावर दोन्ही स्पीकरांची लाल टोकं लाल टर्मिनलमध्येच आहेत ना, तेही बघा. एकाचं उलटं लागलं, तर दोन पडदे एकमेकांविरुद्ध हलतात, खर्ज पोकळ होतो आणि मधोमध उभा असावा तो गायक खोलीभर विखुरतो. एवढा मोठा फरक कुठलीही केबल पाडत नाही, आणि तो दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.