बॅटरी बदलण्याआधी

आपला गोंदिया जिल्हा म्हणजे तलावांचा मुलूख. कोहळी मंडळींनी बांधलेले जुने तलाव, शेताशेतांतल्या बोड्या आणि त्यांच्या पाण्यावर डोलणारे धान, हे काही तुम्हांला सांगायला नको. आता बोडीचे पाणी वेळेआधी आटले, तर जाणता शेतकरी काय करतो? तो लगेच दुसरी बोडी खोदायला घेत नाही. पाणी येण्याची वाट बुजली का, पाळीला कुठे भोक पडले का, की बोडीच गाळाने भरली, हे तो आधी पाहतो. मोटारीची बॅटरी उतरली की मात्र हेच शहाणपण आपण घरी ठेवतो आणि नवी बॅटरी आणायला दुकानाची वाट धरतो.

आमचे एक शिक्षक मित्र आहेत. त्यांच्याकडे जुनी मारुती ८०० आहे. १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षे ही गाडी आपल्या देशात तयार होत होती, आणि खेड्यापाड्यांत ती अजूनही दिसते. शाळा चालू असली की यांची गाडी रोज धावे, एका फेरीत सुरू होई. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस उभी राहिली की मुकी! त्यांनी वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलल्या. अशाच एका सुट्टीत मध्यरात्री त्यांच्या वडिलांच्या छातीत दुखू लागले. किल्ली फिरवली, तर नुसते 'कट्' झाले. शेजाऱ्यांना उठवून गाडी ढकलली, तिसऱ्या खेपेस ती सुरू झाली. वडील सुखरूप आहेत; पण तो अर्धा तास त्या घरातले कोणी विसरलेले नाही. नवी कोरी बॅटरी असून असे का व्हावे? चला, क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, गाडी काय बोलते ते ऐका. रात्री समोरचे दिवे लावून किल्ली फिरवा. इंजिन जोरात फिरते पण पेटत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल किंवा ठिणगी यांत खोट आहे. दिवे लख्ख राहिले आणि काहीच हालचाल नाही, तर सेल्फ किंवा त्याच्या स्विचाची तार तपासा. 'कट्' असा आवाज होऊन दिवे मंदावले, तर मात्र बॅटरी उतरली आहे, नाहीतर तिचे सांधे सैल आहेत.

तेव्हा दुसरे पाहायचे ते सांधे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचते, ती वीज अडवते. ऋण बाजूची तार आधी काढा, जोडताना ती शेवटी जोडा. फार जुन्या, डायनामोच्या काही गाड्यांत धन बाजू सांगाड्याला जोडलेली असे. तिथे सांगाड्याची तार आधी, एवढे ध्यानात ठेवा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टर्मिनल धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. मग टर्मिनल पुसून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. बॅटरीचे दुसरे टोक सांगाड्याला जिथे बोल्टाने बसवलेले असते, तिथला गंजही खरवडा. पुष्कळदा आजार एवढाच असतो! आणि हो, बॅटरीजवळ बिडी-काडी नको. तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू भडकतो, आणि आतले पाणी म्हणजे गंधकाचे आम्ल आहे.

तिसरे, साठा किती तो मोजा. साधा मल्टिमीटर आता बाजारात थोडक्या पैशांत मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे बोडी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे तळ दिसू लागला. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि काटा पाहा. सुरुवातीला १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच साडेनऊच्या खाली घसरली, तर बोडीत गाळ साचला असे समजा. बॅटरी फार दिवस उतरलेली ठेवली की तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण खडे धरतात. ती लवकर भरते आणि लवकर रिकामी होते. बुचे उघडणारी बॅटरी असेल, तर तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला. विहिरीच्या पाण्यातले क्षार पट्ट्यांचे नुकसान करतात. आपल्याकडचा वैशाखातला उन्हाळा बॅटरीला आतून झिजवतो. पण ती दगा देते पौषातल्या थंड सकाळी, कारण थंडीत इंजिनातले तेल घट्ट होते आणि बॅटरीचे बळही कमी पडते.

चौथे, आवक. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. साडेबाराच दिसत असतील, तर अल्टरनेटर भरत नाही. आधी त्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहा, मात्र इंजिन बंद करून! तो फार ढिला असेल तर घसरतो आणि किंचाळतो.

आता पाचवे आणि सगळ्यांत फसवे, पाळीचे भोक. गाडी बंद, किल्ली काढलेली, दारे लावलेली, तरी वीज वाहत असेल तर? ऋण तार काढा. तार आणि टर्मिनल यांच्यामध्ये बारा व्होल्टचा लहान बल्ब जोडा. बल्ब पेटला, तर गळती आहे. आता फ्यूजच्या डबीतले फ्यूज एकेक करून काढा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या रस्त्यावर चोर आहे. सगळे फ्यूज काढूनही विझला नाही, तर अल्टरनेटरची तार सोडवून पाहा, त्यातला डायोड गेलेला असू शकतो. शिवाय मागाहून बसवलेल्या वस्तूंच्या तारा तपासा. घड्याळासारख्या वस्तूला लागणारी वीज फार थोडी, ५० मिलिअँपियरच्या आत असते. तेवढ्याने बल्ब पेटत नाही आणि चिंताही नसते. बल्बाऐवजी मीटरने अँपियर मोजायचे असतील, तर मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

आमच्या मित्राच्या गाडीत बल्ब पेटला, आणि एकही फ्यूज काढून विझेना. शेवटी चोर सापडला. हौसेने बसवलेल्या टेपची तार थेट बॅटरीला जोडलेली होती, मध्ये फ्यूज नाही. टेप बंद दिसे, पण आत जागा राही आणि अर्धा अँपियर वीज खाई. शिक्षकबंधूंनो, हे गणित वर्गातही घालण्याजोगे आहे. अर्धा अँपियर म्हणजे दिवसाला १२ अँपियर-तास. बॅटरी ३५ अँपियर-तासांची. म्हणजे तीन दिवसांत बोडी कोरडी! शाळेच्या दिवसांत रोजच्या धावण्याने जेवढे जाई तेवढे भरून येई, म्हणून रोग दिसत नसे. सुट्टी लागली की तो उघडा पडे. दोन बॅटऱ्या बिचाऱ्या निर्दोषच होत्या. एक तार बदलली, मध्ये फ्यूज घातला, आणि काम झाले.

गाडी ढकलून सुरू करणे वाईट नाही. अडीअडचणीला तेच कामाला येते. पण त्याने रोग बरा होत नाही, तो झाकला जातो. जिच्यावर घर रात्री-अपरात्री भरवसा ठेवते, ती गाडी आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवा, आणि लांबच्या सुट्टीत तिची ऋण तार काढून ठेवा. महिन्यातून एकदा सकाळी व्होल्ट मोजून वहीत मांडा. आकडा हळूहळू उतरू लागला, तर दिवसाउजेडी शोध घ्या. मध्यरात्री दाराशी माणूस तळमळत असताना पाळीचे भोक शोधायला वेळ नसतो.